चपलांचा मानकरी

बायकोने "आठवतंय का हो?" असं विचारलं की नवऱ्याने "हो तर!" म्हणायचं असतं, ही साधी गोष्ट पेणच्या बाजारपेठेतल्या दत्तात्रेय कापडवाल्याला ठाऊक नव्हती असं नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि तेवढी सगळी वर्षं तो इमानाने "हो तर!" म्हणत आला होता. किहीमच्या समुद्रावर पैंजण हरवलं ते? हो तर! पूजाच्या बारशाला शिऱ्यात मीठ पडलं ते? हो तर, विसरेन कसा! (यातलं त्याला काडीचंही आठवत नव्हतं. पण संसार आणि दुकान या दोन्ही ठिकाणी मान हलवायला पैसे पडत नाहीत.)

पण श्रावणातल्या एका रविवारी, दुकान बंद आणि पोट पुरणपोळीने भरलेलं असताना, त्याला एकदम खरं बोलावंसं वाटलं. पुरणपोळीने माणूस धीट होतो म्हणा, नाहीतर बावळट होतो म्हणा.

झालं असं, की त्यांची मुलगी पूजा बाहेरून आली ती तुटलेली चप्पल हातात घेऊन. ते बघून नूतन स्वतःशीच हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आठवतंय का हो, रोह्याच्या पालखीत माझी चप्पल तुटली होती ती?"

"नाही बुवा," दत्तात्रेय म्हणाला.

नूतनच्या हातातली वाटी खाली आली. "असं काय करता? तुम्ही मला बघून गेला होतात, आमच्याकडून होकार यायचा होता. माणगावच्या मास्तरांचं स्थळही तेव्हा आलेलं होतं. पालखीला तुमची मंडळी रोह्याला आली होती. नदीकडच्या वळणावर गर्दीत माझ्या चपलेचा पट्टा तुटला, आणि तुम्ही एक शब्द न बोलता पायातल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्यात! स्वतः भर उन्हात अनवाणी घरापर्यंत आलात. मी त्याच दिवशी आईला सांगितलं, माणगाव नको, पेण."

दत्तात्रेयने छताकडे बघून बराच विचार केला. "अगं, मी असं करीन का?"

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. गेल्याच पावसाळ्यात एस.टी. स्टँडवरून येताना त्याने छत्री कापडाच्या गठ्ठ्यावर धरली होती आणि नूतन भिजत आली होती. (गठ्ठ्यात सिल्क होतं. बायको काय, वाळते.)

"तुम्ही नाही तर मग कोण?" नूतनने सहज विचारलं आणि ती वाटी घेऊन आत गेली.

तेव्हा कुठे दत्तात्रेयच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो उजेड त्याला अजिबात सोसला नाही. चपला देणारा तो नसेल, तर दुसरा कुणीतरी होता. आणि नूतनने होकार दिला तो त्या दुसऱ्याच्या चपला बघून! म्हणजे वीस वर्षं गल्ल्यावर आपण बसलो, पाटी आपल्या नावाची, आणि गिऱ्हाईक आलं होतं ते शेजारच्या दुकानातला माल बघून.

त्या संध्याकाळी त्याने चहा घेतला नाही. घेतला तो कपात तसाच ठेवून मग थंड घेतला, म्हणजे घरात कुणाच्या तरी लक्षात यावं. कुणाच्या आलं नाही.

पूजा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. बापाचा चेहरा बघून तिने त्याला समजावलं, "बाबा, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना माणूस ती नव्याने रचतो. थोडं खरं, थोडं ऐकलेलं, थोडं आपल्याला हवंसं. आणि निर्णयाचंही तसंच. आधी मन ठरवतं, मग कारणं शोधतं, आणि ती कारणं माणसाला खरीच वाटतात."

"हे तुला कॉलेजात शिकवतात? फी घेऊन?" दत्तात्रेय म्हणाला. "अगं, हे मी रोज करतो!"

आणि त्याने तिला जोह्याच्या हौसाबाईंची गोष्ट सांगितली. गणपतीच्या कारखानदाराची बायको. सारं दुकान उलथं करून तिने जांभळी साडी पसंत केली होती. बांधताना याच्या हातून शेजारची पिवळी बांधली गेली. चूक कळली तेव्हा हौसाबाई बसने जोह्याला पोचल्यासुद्धा होत्या. आता ही बाई येऊन दुकानात तमाशा करणार म्हणून हा कितीतरी दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसला. दिवाळीला ती आली ती तीच पिवळी नेसून, आणि सोबतच्या बायकांना सांगत होती, "जांभळी पन व्हती गो, पन मी म्हटलं नको. माझी नजर पयल्यापासून पिवळीवरच!"

"आमच्या पुस्तकात अगदी हेच आहे!" पूजा म्हणाली.

"मग पुस्तकवाल्याचंही कापडाचं दुकान असणार."

"तेच सांगतेय बाबा. आईने तुम्हाला आधीच पसंत केलं असेल, चपलेचं कारण मागाहून चिकटवलं असेल. हौसाबाईंसारखं."

दत्तात्रेयला क्षणभर फार बरं वाटलं. मग तो थबकला. "पण हौसाबाईंनी पिवळी पसंत केलीच नव्हती. ती मी चुकून बांधली होती."

"हो."

"म्हणजे या गोष्टीत मी पिवळी साडी?"

पूजाला अभ्यास आठवला आणि ती उठून गेली.

पुढच्या रविवारी दत्तात्रेयने रोह्याची एस.टी. पकडली. सासूबाईंना, विमलबाईंना, विचारून सोक्षमोक्षच लावायचा. निघताना पूजाने बजावलं होतं, "बाबा, आजीला 'त्या दिवशी काय झालं' एवढंच विचारा आणि गप्प बसा. प्रश्नातच उत्तर घालू नका." पण ज्याने आयुष्यभर कापड विकलं त्याला असा प्रश्न जमणार कसा? दत्तात्रेयचा धंद्याचा पहिला नियमच असा होता, की गिऱ्हाईकाला "साडी हवी का?" असं चुकूनही विचारायचं नाही. "काठ मोठे दाखवू की बारीक?" असं विचारायचं. गिऱ्हाईक एकदा काठाचा विचार करायला लागलं, की साडी घ्यायची की नाही हा विचार त्याच्या मनातून आपोआप निघून जातो.

विमलबाई पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. पाणी पिऊन होताच जावयाने विचारलं, "आई, पालखीत नूतनला चपला दिल्या तो माणूस मिशीवाला होता की बिनमिशीचा?"

"कोन मानूस?" विमलबाई म्हणाल्या. "मना काय आठवत नाय हो."

इथेच दत्तात्रेयने घरी परतायला हवं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक "नको" म्हणालं की तो दुसरं गाठोडं सोडायचा. "नीट आठवा. मिशी झुपकेदार होती की बारीक?"

विमलबाईंनी डोळे बारीक केले. "झुपकेदार नसंल... बारीक."

"उंच होता की मध्यम?"

"मध्यम कशाला? उंच."

तेवढ्यात नूतनचे कान्हूमामा कोलाडहून केळीचा घड घेऊन आले. "कोन उंच?"

"आरं, नूतनला पालखीत चपला देनारा," विमलबाई अशा सांगू लागल्या जशा काही त्या वीस वर्षं हेच सांगत आल्या होत्या.

"हां हां, तो व्हय!" कान्हूमामा म्हणाले. कान्हूमामांना आयुष्यात कुठलीच गोष्ट ठाऊक नाही असं कधी झालं नव्हतं. "गोरा व्हता."

"माझ्यापेक्षा?"

"तुमच्यापरीस तं असंलच की, जावईबापू."

दत्तात्रेयने पुढचं गाठोडं सोडलं. "नाव प्रविण की सुशील?" (ही दोन नावं मुंबईहून माल दाखवायला येणाऱ्या दोन एजंटांची. जिभेवर आली ती त्याने पुढे ठेवली.)

"सुशील," दोघं बहीणभाऊ एकदम म्हणाले.

"सरकारी नोकरीत की कंपनीत?"

"धाटावला, कंपनीत. जनरल शिफ्टला," मामांनी पदरचीही भर घातली.

दोन नमुने पुढे टाकले की हात चांगल्या नमुन्याकडेच जातो, हे दत्तात्रेयच्या बोटांना पाठ होतं. पण त्या दिवशी माल विकणारा तोच आणि पदरात बांधून घेणाराही तोच. परतीच्या गाडीत त्याची खात्री पटली होती, की आपण मोठ्या हुशारीने सत्य बाहेर काढलं. सुशील. उंच, गोरा, बारीक मिशी, जनरल शिफ्ट. एस.टी.च्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. बुटका, सावळा, गुळगुळीत, आणि शिफ्ट तर सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत.

घरी येऊन त्याने नूतनला सारं सुनावलं.

"आईला आठवतंय?" नूतनने नवलाने विचारलं.

"दोघांनाही. शपथेवर."

मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता नूतन म्हणाली, "अहो, त्याचा शर्ट फिकट हिरवा होता, नाही?"

दत्तात्रेयने हातातला घास ताटात परत ठेवला. "मला काय विचारतेस! मी होतो का तिथं?"

"आणि आवाज किती छान होता."

"एक शब्द न बोलता चपला दिल्या म्हणालीस ना!"

"न बोलण्यातसुद्धा कळतो हो आवाज," नूतन म्हणाली आणि तिने पोळी उलटली. पोळी टम्म फुगली.

गणपतीत सारी मंडळी पेणला जमली तोवर सुशील घरचाच झाला होता. नूतनची बहीण शकू म्हणाली, "मला तर डोळ्यांपुढे दिसतो गो!" शकू त्या पालखीला गोवर निघाला म्हणून घरातून बाहेरच पडली नव्हती. विमलबाईंना अधूनमधून हुरहूर लागे, एवढा चांगला पोरगा, त्याचं लग्न कुठं झालं असंल, सुखात असंल ना? प्रत्येक आरतीनंतर सुशीलच्या अंगात एखादा नवा गुण निघत होता. आणि या सगळ्यांना खिरापत वाटत फिरत होता तो दत्तात्रेय.

त्याचं दुकानातलं लक्ष उडालं. बारीक मिशीचा कुणी उंच माणूस दुकानात चढला, की हा त्याला विनाकारण पॅन्टपीस महाग सांगायचा. गागोद्याहून आलेला एक गरीब बिचारा ग्रामसेवक टॉवेल न घेताच परत गेला. आणि मग एक दिवस दत्तात्रेयने दाढी करताना वरच्या ओठावरून वस्तरा फिरवला नाही.

"दत्ताशेट, नाटकात काम करताय काय?" शेजारचा भांडीवाला काळुराम विचारू लागला.

"थंडीचे दिवस येतायत," दत्तात्रेय म्हणाला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापत होतं.

त्याने कापडाच्या ठाणातून फिकट हिरव्या रंगाचा शर्टपीस फाडून शिवायला टाकला, तेव्हा मात्र पूजाला राहवलं नाही. "बाबा, तो माणूस तुम्हीच तयार केलाय. तुमच्या प्रश्नांनी."

"मी तयार केला, तर त्याचं नाव काढल्यावर तुझी आई हसते कुणाला?"



दसरा झाला. रोह्याला धाविर महाराजांची पालखी निघायची होती आणि घरच्या सगळ्यांनी जायचं ठरवलं. दत्तात्रेयने मनात आणखी एक बेत आखला होता. त्याच पालखीत, त्याच वळणावर, साऱ्या सासुरवाडीच्या देखत आपण नूतनला आपल्या चपला काढून द्यायच्या. सुशीलचा हिशेब तिथल्या तिथे मिटवून टाकायचा. त्यासाठी त्याने नव्या कोऱ्या चपला घेतल्या. जुन्या, झिजलेल्या चपला देण्यात काय त्याग?

अडचण एकच होती. नूतनची चप्पल तुटायला हवी होती.

रोह्यात दारोदार रांगोळ्या पडल्या होत्या, ढोल वाजत होते, माणसांना माणसं लागत होती. हिरव्या शर्टातला दत्तात्रेय देवाकडे बघण्याऐवजी बायकोच्या पायांकडे बघत चालला होता. पट्टे चांगलेच मजबूत दिसत होते.

"अगं, त्या खडीवरून चाल ना."

"का?"

"हवा येते तिकडून."

नूतनने त्याच्याकडे एकदा बघून घेतलं आणि ती चांगल्या रस्त्यानेच चालत राहिली. इकडे दत्तात्रेयच्या नव्या चपला मात्र कामाला लागल्या होत्या. आधी अंगठा, मग टाच, मग उजव्या पायाची करंगळी. नदीकडच्या वळणाशी पोचेपर्यंत तो करंगळी उचलून चालत होता, आणि तिथे चपलेचा काठ त्याच्या करंगळीत असा काही घुसला, की त्याच्या तोंडून "आई गं" निघालं.

आणि त्या कळेबरोबर त्याला सगळं आठवलं.

आठवण डोक्यात असते असं पूजाचं पुस्तक म्हणत असेल. दत्तात्रेयची करंगळीत होती. हेच वळण. हेच ऊन. हीच कळ! मुलीकडच्या गावात जायचं म्हणून आईने त्याला त्याच्या थोरल्या भावाच्या, केरूच्या, नव्या चपला घालायला लावल्या होत्या. केरूचा पाय लहान. नवरा मुलगा लंगडा आहे असं कुणाला वाटू नये म्हणून सकाळपासून तो दातओठ खात, वर हसत चालला होता. या चपला कधी एकदा फेकतो असं झालं होतं. आणि तेवढ्यात पुढे चाललेल्या मुलीच्या चपलेचा पट्टा तुटला...

"नूतन! मीच तो!" दत्तात्रेय ढोलाच्या वरताण ओरडला.

"कोण?"

"चपलावाला! मीच! मी दिल्या होत्या!"

मंडळी थांबली. विमलबाईंनी त्याच्या हाताला धरलं. "उन लागला काय जावईबापूंना? शके, पानी आन."

"आई, खरंच मी! मला आठवलं!"

"आवो नाय वो, तो सुशील," विमलबाई लहान मुलाला समजवावं तशा म्हणाल्या. "उंच व्हता."

"या डोल्यांनी पाह्यलाय मी," कान्हूमामा म्हणाले. "जावईबापू, मिशी वाढवून कोन सुशील व्हत नाय."

"अहो, सुशील नव्हताच! ते नाव मीच तुम्हाला दिलं! पूजा, तू सांग ना यांना!"

पूजा हाताची घडी घालून उभी राहिली. "बाबा, त्या दिवशी काय झालं ते तुम्हीच सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

दत्तात्रेयने मोठा श्वास घेतला. वीस वर्षांचा नवरेपणा पणाला लागला होता. नूतन समोर उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत खरंच काहीतरी थांबून राहिलं होतं.

"केरूदादाच्या चपला होत्या," तो सांगू लागला. "एक नंबर लहान. सकाळपासून चावत होत्या. करंगळी सोलून निघाली होती. कधी काढीन असं झालं होतं मला, पण पाहुण्यांत काढायच्या कशा? तेवढ्यात तुझा पट्टा तुटला. मी म्हटलं, देवच पावला! अशा काही झटकन काढून तुझ्यापुढे ठेवल्या..."

नेमका त्याच वेळी ढोलवाल्यांनी दम घ्यायला हात थांबवला, आणि शेवटची वाक्यं अर्ध्या आळीने ऐकली.

"म्हणजे चावत होत्या म्हणून दिल्यात?" नूतनने विचारलं.

"हो!" दत्तात्रेय विजयाने म्हणाला. मग तो स्वतःचाच "हो" त्याच्या कानात शिरला. "म्हणजे... तसं नव्हे... दिल्या मनापासूनच. अगदी मनापासून."

"ते दिसतंच आहे."

नूतनने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. "घरी गेल्यावर माझ्या टाचेला हा एवढा फोड आला होता," ती हळूच म्हणाली. "आईने तेल लावलं होतं. हे मी विसरलेच होते."

"बघ! बघ!" दत्तात्रेय नाचायचाच बाकी होता. "पटलं ना? आता सांग यांना, कोण होता तो?"

नूतनने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. नवी मिशी, घामाने भिजलेला हिरवा शर्ट, अधांतरी धरलेली करंगळी. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिने ते पदराने पुसून टाकलं.

"सुशील," ती म्हणाली. "त्याच्या चपला चावल्या नव्हत्या मला." आणि ती पालखीकडे चालू लागली.

विमलबाईंनी पटल्यासारखी मान हलवली. कान्हूमामांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. तसा मानूस एखादाच."

आता चपला देण्यात काही राम उरला नव्हता आणि घालणं शक्य नव्हतं. दत्तात्रेयने त्या काढून हातात घेतल्या आणि तो मंडळींच्या मागून तापल्या रस्त्याने अनवाणी चालू लागला. एका दारात रांगोळीशी बसलेल्या ठमाबाई नावाच्या म्हातारीने त्याला पाहिलं आणि कौतुकाने हात जोडले. "बघ गो सूनबाय, एवढा मोठा शेट, आनि देवासाठी उन्हाचा अनवानी चाललाय! हाय काय आताच्या पोरांत अशी भक्ती?"

दत्तात्रेयची मान आपोआप ताठ झाली. चला, कुणाच्या तरी आठवणीत तरी आपण चांगले राहू. त्याने डोळे अर्धे मिटले, चेहऱ्यावर होती नव्हती तेवढी भक्ती आणली आणि पालखीच्या दिशेने हात जोडले. चपला काखेत होत्या.

"भक्ती कसली आजी," पुढून नूतनचा खणखणीत आवाज आला, "चावतात त्यांना!"